नववी गोळी

आमच्या ह्यांना सगळी वस्ती 'मोजणीवाले' म्हणते. नवखा माणूस समजतो, जमिनीची मोजणी करणारे असतील. एकदा तर एक गृहस्थ कुंपणाचं भांडण घेऊन आमच्या दारात येऊन बसले होते. प्रत्यक्षात हे झुरळं मारतात. तीस वर्षं झाली, दुसरं काही केलं नाही, आणि माझं मत विचाराल तर दुसरं काही जमलंही नसतं. घरात एक खिळा ठोकायला सांगितला तर भिंतीला भगदाड पडतं. पण परक्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसता वास घेतील आणि सांगतील, की झुरळं फ्रिजमागे आहेत, मोरीत नाहीत, आणि चांगली सहा महिने मुक्कामाला आहेत.

नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीपायी. कुठल्याही घरी गेले, की खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी ते विचारतात, "घरात श्वास घेणारे किती?" माणसं किती, असं नाही. जनावरं किती, असंही नाही. लोक गोंधळतात, हसतात, मग बोटांवर मोजायला लागतात. नवरा, बायको, दोन मुलं, कुत्रा. "झाले?" हे विचारतात. मग कुणाला बाल्कनीतला पोपट आठवतो, कुणाला बाथरूममधल्या बादलीतलं कासव आठवतं. एका घरात सूनबाईंनी सगळे मोजले, मांजरीची तीन पिल्लंसुद्धा मोजली, आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "मग मी काय मेलेय का?" ह्यांनी शांतपणे वहीतला आकडा दुरुस्त केला. मी जिन्यात जाऊन हसून घेतलं.

मी त्यांच्याबरोबर कामाला जाते. मुली लग्न होऊन गेल्या, घरात बसून कुणाशी भांडणार? माझं तोंड फाटकं आहे आणि डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्या तापलेल्या डोक्यामुळेच झालं. कुणी दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

त्या सवयीमागे एक जुनी गोष्ट आहे. तरुणपणी हे एका कंपनीत फवारणीला होते. पाठीवर टाकी, हातात नळी, घरात शिरायचं, सगळीकडे फवारायचं आणि बाहेर पडायचं. एका घरी विचारलं, जनावर आहे का? नाही म्हणाले. ह्यांनी फवारलं. दुसऱ्या दिवशी काही राहिलं म्हणून परत गेले तर घरातले म्हातारे आजोबा काचेच्या टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलेले. टाकीत हवा सोडणारी मोटर चालूच होती. तिने रात्रभर खोलीतली ती हवा ओढून पाण्यात सोडली होती. चौदा मासे, सगळे पोट वर करून. घरातली माणसं म्हणाली, मासे काय, ते आम्ही जनावरात धरले नाहीत. आजोबा मात्र बोटाने एकेक मासा मोजत राहिले, चौदा झाले की पुन्हा एकपासून. ह्यांनी त्या महिन्यात नोकरी सोडली.

तेव्हापासून फवारणी बंद. आता सगळं काम जेलचं. इंजेक्शनसारखी सिरिंज असते, तिने बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या मागे, फ्रिजच्या मोटरपाशी मोहरीएवढा ठिपका ठेवायचा. पंजा पोचणार नाही, जीभ पोचणार नाही अशा जागी. चिकट सापळे ठेवायचे तर कपाटाच्या पाठीमागे, डब्यात घालून. नळ गळत असेल तर आधी तो बंद करायचा, कारण झुरळाला खाण्याआधी पाणी लागतं. खोकी, रद्दी बाहेर. मोरीच्या तोंडाला जाळी. आणि मुख्य म्हणजे, कुत्र्यामांजराचं खाणं झालं की ताटली उचलून धुवायची. अर्धी झुरळं त्या ताटलीवर जगतात. "मांजर पंजा चाटतं," हे प्रत्येक घरी सांगतात, "म्हणून जमिनीवर टाकलेलं सगळं शेवटी कुणाच्या तरी पोटात जातं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. ऐकलं होतं, तरी व्हायचं ते झालंच.

दुसरा नियम वहीचा. घरात जे जे ठेवलं ते लिहायचं. ठिपके किती, सापळे किती. काम झालं की मोजून परत काढायचं. आकडा जुळला नाही तर हे घर सोडत नाहीत. एका सापळ्यासाठी आम्ही एका घरी दोन तास शोधाशोध केली होती. शेवटी तो ह्यांच्याच चपलेला चिकटलेला निघाला.

त्या आजींचं काम आलं ते फोनवर. आजींची लेक दुसऱ्या गावी असते. तिने सांगितलं, आई एकटीच राहते, घर झुरळांनी भरलंय, खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केलीय. ह्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. लेक म्हणाली, एकच. मांजर होतं, ठमी नावाचं, ते आठ महिन्यांपूर्वी गेलं. तिने स्वतः येऊन पुरलं होतं. आई मात्र अजून तिला ताटली वाढते, तिकडे लक्ष देऊ नका.

दुसरा मजला, जिन्याच्या टोकाला दार. आजी बारीक, ताठ, राखी गाऊन घातलेला. दार उघडलं आणि वास आला. फार दिवस कोंडलेल्या ओल्या पुठ्ठ्याचा आणि त्यात थोडा तेलकट गोडसर. झुरळं फार झाली की हा वास येतो. सगळे पडदे ओढलेले, आणि सकाळचे अकरा वाजलेले. आम्ही दाराशी उभे असताना भिंतीवरून एक, चौकटीवरून दोन, घाई न करता चालत गेली. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, दिवसा फिरतात, म्हणजे आत जागा उरली नाही. मग आजींना विचारलं, "घरात श्वास घेणारे किती?"

"दोन," आजी म्हणाल्या. "मी आणि ठमी."

मी ह्यांना कोपर मारलं. ह्यांनी वहीत 'दोन' लिहिलं.

स्वयंपाकघरात जेवणाचं टेबल होतं. त्याच्याखाली, भिंतीकडच्या अंधारात, एक स्टीलची ताटली, शेजारी पाण्याची वाटी आणि मागे चपटी झालेली मोठी उशी. आजींना रोज बाहेरून डबा येतो. भात, भाजी, उकडलेलं अंडं. त्यातला अर्ध्याहून जास्त त्या ताटलीत वाढतात. ताटली रिकामी होती. नुसती रिकामी नव्हती, पुसून घेतल्यासारखी लख्ख होती. मला किळस आली. म्हटलं, एवढं सगळं झुरळांनी खाल्लं? हे खाली वाकले, टॉर्च लावला आणि उशीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, ऊन आलं असेल. पण पडदे ओढलेले होते आणि टेबलाखाली कुठलं ऊन येणार? मीही हात लावला. खरंच, आत्ता कुणी उठून गेल्यासारखी ऊब होती. टेबलाच्या पायापाशी खाली, गुडघाभर उंचीवर, लाकडावर ओरखडे होते. जुने असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मांजर होतंच की घरात, आठ महिन्यांपूर्वीपर्यंत.

आजी मागे उभ्या होत्या. त्यांच्या गाऊनला दोन्ही गुडघ्यांवर काळपट डाग पडले होते. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, म्हातारपणी धुण्याचे हाल. त्यापुढे माझी अक्कल गेली नाही.

त्या दिवशी ह्यांनी अख्खं काम मांजर असल्यासारखंच केलं. सगळे ठिपके बिजागऱ्यांच्या आत आणि उंचावर, सापळे कपाटामागे. जाताना आजींना हात जोडून सांगितलं, ठमीचं खाणं झालं की ताटली उचला, नाहीतर झुरळं माझ्या जेलकडे ढुंकून बघणार नाहीत. आजी म्हणाल्या, "दादा, ती माझ्यासमोर खात नाही. मी दुपारी पडले की खाते." ताटली काही उचलली नाही.

आठवड्याने गेलो तर फरक शून्य. जेलचे ठिपके तसेच्या तसे, सुकलेले. समोर भात-अंडं असताना त्या मोहरीएवढ्या ठिपक्याला कोण विचारतो? ह्यांनी ठिपके बदलले, नळाचं वॉशर बदललं, रद्दीचे सहा गठ्ठे खाली नेऊन टाकले. गठ्ठे उचलताना आतून जी सळसळ व्हायची ती मला नंतर जेवताना ऐकू यायची. आणि सगळा वेळ आजी अधूनमधून टेबलाखाली बघून "मी आहे, घाबरू नकोस" असं कुणाला तरी सांगत होत्या.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिने हात टेकले होते. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत झुरळं गेली नाहीत तर घर बंद करून आईला वृद्धाश्रमात ठेवते, मला दुसरा मार्ग नाही. लेक वाईट नाही, रडत होती. पण मला आजी डोळ्यांसमोर आल्या. एवढ्याशा बाईला तिच्या घरातून कशासाठी उचलायचं, तर मेलेल्या मांजराच्या ताटलीसाठी! आणि ह्यांचा राग आला. घरी येऊन मी तोंड सोडलं. म्हटलं, अहो, लेकीने स्वतःच्या हाताने पुरलंय ते मांजर. नसलेल्या जिवाला जपत बसलात तर असलेला जीव घराबाहेर जाईल. हे म्हणाले, उशी गरम होती. मी म्हटलं, तुमचं डोकं गरम झालंय. ते वही काढून ठिपके मोजत बसले, आणि ते मोजत बसले की माझं डोकं जास्त तापतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्या केल्या. बोरिक पावडर, मैदा, पिठीसाखर, थोडं दूध. पूर्वी घरोघर करायचे तशा, सुपारीएवढ्या. नऊ झाल्या. ह्यांच्या धंद्यात ह्या गोळ्या उघड्यावर ठेवायला सक्त मनाई, पोटात गेल्या तर जनावराला आणि माणसालाही त्रास होतो. मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या घरात खाणारं कुणी नाही, अशी माझी खात्री होती. डबीत घालून ती पिशवीच्या तळाशी ठेवली आणि ह्यांना सांगितलं नाही.

त्या दिवशी ह्यांनी वेगळीच तयारी केली होती. झुरळं ताटलीकडे कुठून येतात ते बघायला त्यांनी टेबलाखाली बारीक चाळणीने मैद्याचा पातळ पट्टा टाकला. मैद्यावर पायांच्या रेषा उमटतात, त्यांच्यावरून बीळ सापडतं. मग ते मोरीची जाळी बसवायला गेले. आजी डब्यातलं ताटलीत वाढून आतल्या खोलीत पडल्या. मी टेबलाखाली वाकले आणि पट्ट्याच्या आत, ताटलीभोवती, भिंतीलगत नऊ गोळ्या मांडल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आठवडाभरात काम फत्ते, आजी घरातच राहतील, आणि मग ह्यांना ऐकवीन. वहीत काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ह्यांनी वाचलं असतं.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसरं काम होतं. ते आटोपून चार वाजता खाली आलो. बेल वाजवली, दार उघडलं नाही. लेकीने शेजाऱ्यांकडची जास्तीची किल्ली आम्हाला द्यायला लावली होती, त्या किल्लीने उघडलं. घर शांत. पडदे ओढलेले. ह्यांनी टॉर्च लावला आणि टेबलाशी वाकले. वाकले ते तसेच राहिले.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा मी चौदा माशांची गोष्ट सांगतानाच ऐकलाय.

मैद्यात झुरळांच्या रेषा होत्या, शेकडो. आणि त्या सगळ्यांवरून दोन तळहात उमटले होते. माणसाचे, लहान, बोटं पसरलेली. तळहातांच्या मागे दोन गुडघ्यांचे फराटे, ताटलीपर्यंत आणि तिथून उशीपर्यंत. ताटली लख्ख चाटलेली होती.

आठवडाभर समोर असलेलं सगळं एकदम दिसलं. गुडघ्यांवरचे डाग, उशीची ऊब, 'माझ्यासमोर खात नाही'. आजी आपला डबा मांजरीला वाढत होत्या, ते विसरत होत्या, आणि भूक लागली की त्या टेबलाखाली शिरून ठमीचं जेवण ठमीसारखं खात होत्या. घरात श्वास घेणारी एकच होती. आणि तिच्यासाठीच मी जमिनीवर विष मांडलं होतं.

मी सगळं सांगून टाकलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती होत्या?"

"नऊ."

"वहीत लिहिल्यास?"

"नाही."

ते गुडघ्यांवर बसले आणि गोळ्या वेचायला लागले. एक, दोन, तीन. ताटलीखाली एक. उशीखाली एक. सात झाल्या. टॉर्च सगळीकडे फिरवला, सातच.

मी आतल्या खोलीत पळाले. आजी पलंगावर कुशीवर झोपल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन. गाऊनला, हातांना, हनुवटीला मैदा लागलेला. मी त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. मी 'आजी, आजी' करून हलवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आपण कुठे आहोत ते आधी मलाच विचारणार. त्यांची एक मूठ घट्ट मिटलेली होती. मी बोटं सोडवली. आत एक गोळी होती, घामाने चिकट झालेली, पण अख्खी.

"तिला गोड चालत नाही," आजी म्हणाल्या. "म्हणून काढून घेतली."

"आणि दुसरी? आजी, अजून एक होती. तुम्ही खाल्लीत का? रागावणार नाही, फक्त सांगा."

आजींनी मान हलवली. "मी ओढत होते गं. पण ती घेऊन पळाली."

"कोण?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "ठमी," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना ह्यांनी हाताला धरून आणलं. त्यांनी तपासलं, गोळीत काय होतं ते विचारलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. म्हणाले, खाल्ली असेल तर काही तासांत उलट्या होतील, पोट बिघडेल. पाणी पाजत राहा, जरा काही वाटलं तर सरळ हॉस्पिटलात. सकाळपर्यंत काही झालं नाही तर खाल्ली नाही असं समजा. लेकीला फोन केला. आता मीच केला, आणि जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती मिळेल त्या गाडीने निघाली.

आम्ही दोघं आजींपाशी बसलो. मी त्यांचा हात धरून होते आणि ह्यांनी सगळं स्वयंपाकघर मोकळं केलं. फ्रिज ओढला, कपाटं हलवली, मोरीची नवी जाळी काढून आत हात घातला, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. सुपारीएवढी गोळी झुरळं ओढून नेत नाहीत. उंदीर नव्हता, उंदराची लेंडी ह्यांना दहा हातांवरून दिसते. खिडक्यांना बारीक जाळ्या, दार बाहेरून बंद. लेक आली तेव्हा उजाडत होतं. आजींना उलटी झाली नाही, पोट दुखलं नाही. डॉक्टर परत येऊन म्हणाले, ठणठणीत आहेत, यांनी खाल्लेली नाही.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आजी उठल्या, स्वयंपाकघरात आल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाट बघितल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग खाली बसून त्यांनी ताटली उचलली. स्वतः. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. धुतली, पुसली आणि वरच्या फळीवर पालथी घालून ठेवली.

लेकीने विचारलं, काय झालं आई?

"ती आता यायची नाही," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि माझ्या गालावर हात ठेवला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, मुली. तिलाच हावरटपणा."

मी हमसून हमसून रडले. आठ महिने मातीत असलेलं मांजर मी त्या दिवशी मारलं होतं, आणि ते मलाच खरं वाटत होतं.

झुरळं तीन आठवड्यांत गेली. ताटली नाही म्हटल्यावर ह्यांच्या जेलवर तुटून पडली, कपाटामागे मेलेल्यांचे सुपलीभर ढीग निघाले. वृद्धाश्रमाचा विषय लेकीने सोडून दिला. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, ती आजींना टेबलावर बसवून जेवू घालायची. आजी दीड वर्ष त्याच घरात राहिल्या आणि झोपेतच गेल्या. मी दर पंधरा दिवसांनी जायचे. सापळे बघायला, असं सांगायचे. आजी त्या बाईला माझ्यासाठी चहा करायला लावायच्या आणि हसून बोलायच्या, पण ठमीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी काढावं, एवढं माझं तोंड फाटकं नाही.

वहीत मात्र त्या घरापुढे 'दोन'च राहिलं. मी एकदा म्हटलं, अहो, आता तरी एक करा. हे म्हणाले, "आठ गोळ्या परत आल्यात. नववी आण, मग खोडतो."

गेल्या महिन्यात लेकीने बोलावलं. घर रिकामं करून भाड्याने द्यायचं होतं, त्याआधी एकदा औषध घाला म्हणाली. पलंग गेला होता, कपाटं गेली होती, टेबल सकाळीच कुणी नेलं होतं. पडदे काढलेले, सगळीकडे उजेड. जमिनीचा इंच न इंच दिसत होता. मी दारातूनच नजर फिरवली. गोळी नव्हती. टेबल होतं तिथे भिंतीशी फक्त ती चपटी उशी पडली होती, टाकून द्यायची राहिलेली.

हे दारात थांबले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी, सवयीने, विचारलं, "श्वास घेणारे किती?"

लेक म्हणाली, "आता कोण? कुणीच नाही."

ह्यांनी मान हलवली. मग आत गेले, उशीपाशी उकिडवे बसले आणि तिच्यावर हात ठेवला. पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच, बराच वेळ. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हात लावून बघ."

मी नाही लावला. दारातून हलले नाही.

त्यांनी वही काढली, ते जुनं पान शोधलं, 'दोन' खोडलं आणि शेजारी 'एक' लिहिलं. मी त्यांच्याशी तीस वर्षं प्रत्येक गोष्टीवरून भांडत आले आहे. त्या दिवशी भांडले नाही. पिशवीतून जेलची सिरिंज काढली, त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ठिपके वरती ठेवा, पंजा पोचणार नाही असे.